नर मागे राहिला

गीताताईचा फोन आला तेव्हा हरिओम कंपनीच्या जिन्यात वाकून एका हाताने बुटाची लेस बांधायचा खटाटोप करत होता. एका हाताने लेस बांधता येत नाही हे चाळिशी उलटलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. पण फोन खाली ठेवावा तर ताई म्हणणार, साहेब झाला, आता बहिणीशी बोलायला याला फुरसत कुठली. म्हणून तो तसाच वाकून ऐकत राहिला. ताईने आधी त्याच्या पोरींची चौकशी केली, मग त्याच्या पोटाची, मग दसऱ्याला सोनं द्यायला आला नाहीस म्हणून थोडं सुनावलं, आणि फोन ठेवता ठेवता, चहात साखर कमी पडली हे सांगावं इतक्या सहज म्हणाली, “अन् ऐक ना हरी, मादीले फुलं आली रे. पन नर अजून वीतभरच हाये, त्याले कळीच नाही. असं काऊन झालं असंन?”

“पाहतो,” तो म्हणाला. पाहतो म्हणायला काही लागत नाही. फोन खिशात टाकून तो सरळ झाला, तर लेस सुटलेलीच होती, आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवताना त्याला वाटलं की पायरी होती तिथे नाही, थोडी खाली गेली आहे. त्याने कठडा धरला. वरच्या मजल्यावरून कॉफीच्या मशीनचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं, खिडकीतून बालाजीच्या देवळाचा कळस रोजच्यासारखा दिसत होता. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी त्याला कळून चुकलं होतं. दूध नासलं आहे हे ओठाला लावायच्या आधीच नाकाला कळतं, आणि तरी माणूस क्षणभर पेला हातात धरून उभा राहतो, की कदाचित नसेल. तसा तो जिन्यात उभा राहिला.

टोमॅटोचं संकरित बियाणं करायचं म्हणजे एका जातीच्या झाडावर दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर, म्हणजे पराग, हाताने लावायची. जिच्यावर लावायची ती मादी, ज्याची लावायची तो नर. दोघांची चाल सारखी नसते. बहुतेक वाणांत नर आळशी, त्याला कळी धरायला पंधरवडाभर जास्त लागतो, म्हणून नर आधी पेरायचा आणि मादी मागाहून, म्हणजे दोघं फुलावर यायचे दिवस जुळतात. देऊळगाव राजाच्या भोवतालच्या गावांत, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीची शेडनेटं उभी आहेत, तिथे हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण या गावांना कंपनीने आणखी एक गोष्ट तीस-पस्तीस वर्षं घोकून घोकून शिकवली होती. पाकीट आलं की त्याच दिवशी टाकायचं, म्हणजे पेरायचं, घरात रात्रभर ठेवायचं नाही. कंपनीला चोरीची धास्ती. नर-मादीचं मूळ बियाणं दुसऱ्या कंपनीच्या हाती लागलं तर सगळी पुंजीच गेली. कोणत्या वाणात किती दिवसांचं अंतर, हेही कंपनी कुणाला सांगत नसे. शेतकऱ्याने विचारायचं नाही. नराचं पाकीट आलं, टाकलं. काही दिवसांनी मादीचं आलं, टाकलं. पाकीट येण्यातच वेळेचा हिशेब बसवलेला होता, आणि तो हिशेब गावकऱ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो आहे हेच सगळे विसरून गेले होते. हरिओमही विसरला होता.

हे मात्र त्याला विसरायला नको होतं. या एवढ्या मोठ्या इमारतीत जी पन्नास-शंभर माणसं फिरत्या खुर्च्यांवर बसली होती, त्यांतली अर्धी जालन्याची, औरंगाबादची, पुण्याची. त्यांना नर काय आणि मादी काय, दोन कोड नंबर. पण हा बियाण्याच्या प्लॉटवरच वाढलेला. त्याची आई बोटात पावडरीची अंगठी घालून सरीतून जायची, वरच्या अंगाला खाच असलेली ती अंगठी, त्या खाचेत नराची फिकी पावडर, आणि एकेका मादीच्या फुलाला ती बोट असं लावायची, की झोपलेल्या पोराच्या कपाळाला ताप आहे का पाहावं. शाळेला सुट्टी असली की हरी आणि गीता मागून दोरा बांधत जायचे, ज्या फुलाला लावलं त्याला लाल दोरा. टोमॅटोच्या पानांचा हिरवा-काळा चिकटा बोटांना बसायचा, साबणाने जायचा नाही, आई कच्चा टोमॅटो कापून हातावर चोळायची आणि मोरीतून हिरवं पाणी वाहत जायचं. मास्तर म्हणायचे, हात धुवून ये. तो म्हणायचा, धुतले जी. ते हात आता गोरेपान झाले होते. हिरवा डाग म्हणून नाही कुठे.

दुपारी तो खाली डिस्पॅचला गेला. भागवत तिथे बसतो, गाड्या भरणारा, कंपनी एका गाळ्यात होती तेव्हापासूनचा माणूस. यार्डात संग्रामपूरची गाडी लागली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावांत कंपनी यंदा पहिल्यांदाच चालली होती. ज्यांनी कधी शेडनेट पाहिलं नव्हतं अशांनी यंदा जाळ्या उभ्या केल्या होत्या. खोकी वर चढत होती. हरिओमने इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, नवी सिस्टीम यायच्या आधी, जुन्या प्रोग्राममध्ये नराची तारीख मागची टाकायचात ना तुम्ही? भागवत म्हणाला, टाकत होतो. जुना प्रोग्राम एका शेतकऱ्याचा सगळा माल एकाच गाडीत काढायचा, त्याला नर-मादी कळायची नाही. मग भागवत दोन ऑर्डरी करायचा. नराच्या ऑर्डरीवर मागची तारीख टाकायचा, म्हणजे प्रोग्रामला ती जुनी वाटायची आणि नर पहिल्या गाडीने निघायचा. मादीवर खरी तारीख. एवढंच. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी लिहून ठेवलं नव्हतं. जसं घराचं दार जरा उचलून मग लोटलं की बंद होतं, तसं. हरिओमला तो प्रश्न विचारावाच लागला.

“मग सांगितलं का नाही, भागवतभाऊ?”

भागवतने त्याच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं. “तुम्ही इचारलं, तारीख खोटी हाये का. म्या सांगतलं, हाव, खोटीच हाये. काऊन खोटी हाये, हे कोनं इचारलं?” मग आवाज उतरवून, जरा घाबरून म्हणाला, “अन् मले वाटलं, येवढी नवी सिस्टीम हाये, तिच्यात असंन बा त्याची सोय. नाही का?”

नव्हती. कारण सोय हवी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हरिओम पुन्हा वर आला, आपल्या काचेच्या खोलीत बसला, आणि जुन्या प्रोग्राममधली माहिती नव्या सिस्टीममध्ये हलवायला सगळे बसले होते ती उन्हाळ्यातली दुपार त्याच्या डोळ्यांपुढे आली. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, त्यात रकानेच्या रकाने, आणि पुण्याचा कुलदीप, सिस्टीम बसवायला आलेल्या मंडळींचा म्होरक्या, सभ्य पोरगा, कधी आवाज चढवला नाही, तो पडद्याकडे बोट दाखवून विचारत होता. या सगळ्या शेतकऱ्यांच्या दोन-दोन ऑर्डरी आहेत, दादा, आणि एकीची तारीख मागची आहे. या तारखा चुकीच्या आहेत का? टेबलाभोवती सगळे म्हणाले, हाव. भागवत म्हणाला, खरेदीवाला म्हणाला, गोडाऊनवाला म्हणाला. कुणी खोटं बोललं नाही. मग दुरुस्त करू का? हाव. दोन ऑर्डरींची एक करू? हाव. आणि हरिओम, या प्रकल्पाचा प्रमुख, ज्याच्या हाती पेन होतं, त्याने खाली सही केली. सही करताना त्याला बरं वाटलं होतं, घाण साफ झाल्यासारखं. त्या साफ झालेल्या घाणीत गीताताईचा नर होता.

आपल्याकडे ‘नाही’ हा शब्द घरात आणायची चालच नाही, त्याला वाटलं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. लग्नाला येणार का विचारलं तर, येतो ना, मग जायचं असो की नसो. उसने मागायला आलेल्याला, पाहू. कंपनीचे मालक उत्तमराव, ज्यांनी जीपच्या टपावर बियाण्याच्या थैल्या लादून ही कंपनी उभी केली, त्यांच्यापुढे तर गेली तीस वर्षं कुणी ‘नाही’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. ते रागावत नाहीत. नुसतं वाईट वाटल्यासारखं पाहतात, आणि माणूस पाणी पाणी होतो. म्हणून सगळे म्हणतात, होऊन जाईल साहेब. जुना प्रोग्राम बंद केला त्या दिवशी त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, खोबरं वाटलं. भागवत हसत म्हणाला होता, जुना प्रोग्राम वाढवला. सगळे हसले, हरिओमही हसला.

लोक म्हणतील, सिस्टीम खराब होती. बोर्डात म्हणतील, पुणेवाल्यांनी फसवलं. पुण्यात म्हणतील, गावंढळ लोक, काही सांगतच नाहीत. हरिओम खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहत होता आणि त्याला त्याच्या मामाचं कुटुंब आठवत होतं, जे दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचं. गाडीत भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या, दोन कोयते, सगळं चढवायचे आणि घराला कुलूप. एके वर्षी खूप दूर गेल्यावर मामीला आठवलं की जात्याचा खुंटा राहिला, पाठीमागे भिंतीत खोचलेला. खुंटा काय, क्षुल्लक. पण तिकडच्या तळावर दुसऱ्याच्या जात्यावर दुसऱ्याचा खुंटा हाताला बसेना, मामीच्या तळव्याला फोड आले. मामी म्हणायची, घर हलवताना जे रोज हाताला लागतं तेच नजरेला पडत नाही. ती हसत म्हणायची. हरिओमला त्यात हसण्यासारखं आता काही दिसेना. मायग्रेशन, मायग्रेशन, जुन्यातून नव्यात हलवणं, वर्षभर हा शब्द त्याने शंभरदा तोंडात घोळवला होता आणि एकदाही त्याला मामी आठवली नव्हती.

चारच्या बैठकीला अजून वेळ होता, आणि सगळं एका वाक्यावर अडलं होतं. ताईच्या बाजूच्या तालुक्यांतली पाकिटं गेली ती गेली. नर-मादी एका दिवशी पेरली गेली, त्याला आता इलाज नाही. पण संग्रामपूरची गाडी अजून यार्डात होती. गाडी थांबवा, मादी उतरवा, नर तेवढा जाऊ द्या, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याने मनात जुळवून पाहिलं. नर आणि मादी एकत्र चालली आहेत, साहेब, गाडी थांबवा. साधं वाक्य, चौथीच्या पोराने म्हणावं असं. त्याच्या मागे मात्र दुसरी वाक्यं रांगेने उभी होती. म्हणजे गेलेल्या तालुक्यांत काय झालं? तारखा कुणी दुरुस्त केल्या? आणि सगळ्यांत शेवटी, ज्याला तो खरा भीत होता, ते, तुम्ही तर प्लॉटवरचे ना, हरिओम? नोकरी जाईल, जाऊ दे, त्याला वाटत होतं. पण आपल्याला नर-मादी कळली नाही हे चारचौघांत कबूल करायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. ज्याला कधी कळलंच नव्हतं त्याला माफी आहे. मी तारखेकडे पाहिलं आणि मला नुसती तारीख दिसली. असं कसं झालं माझं, कुठे झालं, कोणत्या वर्षी. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याने तोंडावर हात धरला.

बैठकीत रंग सांगायचे असत. ही कुलदीपच्या कंपनीची पद्धत. काम ठीक असेल तर हिरवं, अडचण असेल तर पिवळं, अडलं असेल तर लाल. वर्षभरात लाल कुणी म्हटलं नव्हतं. पिवळं एकदा म्हटलं गेलं होतं, प्रिंटरची शाई संपली तेव्हा. भिंतीवर मोठ्या पडद्यात परदेशातले भागीदार बसले होते, त्यांच्याकडे सकाळ होती, त्यांच्या हातात मग होते. बाहेर चौकात कंपनीचा फ्लेक्स लागला होता, त्यावर उत्तमरावांचा हात जोडलेला फोटो. उत्तमराव स्वतः टेबलाच्या टोकाला, पांढरा सदरा, कपाळाला बालाजीचा टिळा. कुलदीपने सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं की काही अडचण असेल तर आजच सांगा, उद्यापासून मी पुण्यात असेन, मग इथून काही करणं अवघड. त्याने हरिओमकडे पाहिलं. खरंच पाहिलं, विचारल्यासारखं. नंतर कितीतरी वेळा हरिओमला तेच आठवत राहिलं, की दार उघडं होतं.

खरेदी, हिरवं. गोडाऊन, हिरवं. डिस्पॅच, भागवतने एकदा हरिओमकडे चोरून पाहिलं आणि म्हणाला, हिरवं. रंग टेबलाभोवती फिरत त्याच्याकडे येत होता, पंगतीत वाढपी येतो तसा. हरिओमने वाक्य जिभेवर आणून ठेवलं. आणि त्याच वेळी, हेच त्याला पुढे कधी उलगडलं नाही, त्याच वेळी एक विलक्षण सुस्त गोडवा त्याच्या अंगात चढत होता. सगळे एका ओळीत बसले आहेत, सगळ्यांच्या पानात तेच आहे, आपण हात आडवा केला की सगळी पंगत थांबणार. उत्तमराव म्हणाले, हरिओम, संग्रामपूरची गाडी आज निघते ना?

“हाव साहेब,” हरिओम म्हणाला. “हिरवं.”

पडद्यातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आवाज थोडा उशिरा आला.

घरी जाववेना. तो मोटारसायकल काढून ताईच्या गावाच्या रस्त्याला लागला. ऊन कलतीला आलं होतं, तुरीच्या पट्ट्यांमधून वारा येत होता, समोरून येणाऱ्या एसटीने धूळ उडवली आणि ती त्याने तोंड न वळवता खाल्ली. त्याला वाटत होतं, ताई ओरडेल. तिने दोन शिव्या द्याव्यात, लहानपणी द्यायची तशा, म्हणजे बरं वाटेल. पण ताई शेडनेटमध्ये होती, आणि सरीत वाकून काहीतरी खुडत होती. तिच्याबरोबर शेजारची पुष्पांजलीही, ताईच्या सुनेच्या वयाची, पदर खोचून. जाळीच्या आत उजेड हिरवट होता आणि टोमॅटोच्या पानांचा तो कडवट वास, जो कुठेही आला की हरिओम आठ वर्षांचा होतो. जमिनीवर सगळीकडे पिवळी फुलं पडली होती. झाडाची, आत्ता खुडलेली, ताजी.

मादीची फुलं होती ती. ताईने त्याला सांगितलं, थांबवते तिले, नर येईपर्यंत. आज आलेली खुडायची, उद्या येतील ती खुडायची, म्हणजे झाड पुन्हा कळी धरतं. किती वेळा धरेल ते देवाला माहीत; झाड थकतं, मग फूल बारीक येतं, मग फळ धरत नाही. पण नुसतं पाहत बसण्यापेक्षा बरं. ती हे सगळं न थांबता, हात चालवत सांगत होती, त्याच्याकडे न पाहता. म्हणाली, पाकिटं संगच आली तेव्हाच तिला शंका आली होती. तिने ऑर्गनायझरला, म्हणजे कंपनीच्या वतीने गावात पाकिटं वाटणाऱ्याला, विचारलंही होतं. तो म्हणाला, आता नवीन कॉम्प्युटर हाये, त्याले आपल्यापेक्षा जास्त समजते. मोबाईलवर मेसेज आला ना, आजच टाका म्हणून.

“मले तरी वाटलंच होतं, ठेवावं मादीचं पाकीट चार रोज,” ताई म्हणाली. “मंग म्हनलं, आपला हरी हाये तिथं. त्यानं पाह्यलंच असंन.”

हरिओम खाली बसला आणि पुढच्या झाडाचं फूल खुडलं. मग दुसरं. हाताला सवय होती, हात विसरला नव्हता. अंगठा आणि बोट देठाशी जात आणि फूल सुटत होतं. फूल सुटताना काही आवाज होत नाही. आईने एकेका अशा फुलाला बोट लावलं होतं, एकेक फूल वाया गेलं तर ती चुकचुकायची. ओंजळभर फुलं त्याच्या पायाशी पडली आणि त्याला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण रडला नाही, कारण रडायचा हक्क या सरीत दोघींना होता आणि त्या खुडत होत्या.

मग पुष्पांजलीने विचारलं. ती संग्रामपूरकडची, तिचं माहेर तिकडे, आणि तिच्या भावाने, गोविंदाने, यंदा पहिल्यांदा प्लॉट घेतला होता. त्याची पाकिटं उद्या येणार असा मेसेज त्याला आला होता. तो तिला सारखा फोन करून विचारत होता, काय करू, तुम्ही जुने लोक आहात. ताई आणि ती सकाळपासून तेच बोलत होत्या, की त्याला सांगावं, कंपनीचं ऐकू नको, मादीचं पाकीट फळीवर ठेवून दे पंधरवडाभर. पण मग कंपनीचा माणूस तपासायला आला तर? प्लॉटच काढून घेतला तर? पुष्पांजली मनगटाने कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, “मामा, तिकडची गाडी तुम्ही थांबवली असंन ना?”

ताईने हात थांबवला. तिनेही पाहिलं. दोघींच्या तोंडावर शंका नव्हती. उत्तर काय येणार हे ठाऊक असलेल्या माणसांचा तो विचारण्याचा सूर होता. आत्ताही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, आत्ताही सगळं सांगता आलं असतं, इथे पडदा नव्हता, उत्तमराव नव्हते, टाळ्या नव्हत्या; बहीण होती.

“हाव,” तो म्हणाला.

“पाह्य,” ताई पुष्पांजलीला म्हणाली, “सांगतलं होतं का नाही?” आणि पुन्हा खुडायला लागली, जरा हलक्या हाताने.

हरिओम उठला. जाळीचं दार लोटून बाहेर आला आणि बांधावर उभं राहून त्याने भागवतला फोन लावला. त्याला वाटत होतं, अजून वेळ आहे; खोटं बोललो ते आत्ता खरं करून टाकतो, ताईला कळायच्या आत, कुणालाच कळायच्या आत. बोटांना हिरवा चिकटा बसला होता, तो काचेला लागत होता. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि भागवतने उचलला.

“भागवतभाऊ, संग्रामपूरची गाडी थांबवा. मादीची पाकिटं उतरवा, नर तेवढा जाऊ द्या. माझ्या जबाबदारीवर. उत्तमरावांना मी सांगतो.” हे सगळं तो एका दमात बोलला. इतकं सोपं होतं ते. दुपारभर जे घशात अडकलं होतं ते बांधावर, तुरीच्या पट्ट्याशेजारी, घडाघडा बाहेर आलं, आणि क्षणभर त्याला मोकळं वाटलं.

“हाव साहेब,” भागवत म्हणाला. “होऊन जाईल.”

त्याच्या आवाजामागे कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, चाल. गिअर पडला. मोठ्या गाडीचा घरघराट आधी फोनजवळ होता, मग दूर, मग फाटकाशी असावा तसा पोकळ, आणि मग नाही. हरिओमने विचारलं, थांबवली का? भागवत म्हणाला, हाव. हरिओमने पुन्हा विचारलं, गाडी उभी आहे ना यार्डात? भागवत म्हणाला, हाव ना साहेब, तुम्ही काळजी नोका करू. हे ‘हाव’ हरिओमच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यात खोटेपणा नव्हता, फसवणूक नव्हती. समोरच्याला वाईट वाटू नये एवढीच त्यात माया होती. त्याने उत्तमरावांचा नंबर काढला. नावावर त्याच्या बोटाचा हिरवा ठसा उमटला होता. तो पुसायचा म्हणून त्याने फोन सदऱ्याला घासला, आणि पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा घासला.

मग तो आत गेला, सांगून टाकायचं असं ठरवून. पुष्पांजली सरीच्या टोकाला उभी होती, मान कलती करून फोन खांद्यात धरलेला, हात खुडतच होते. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच सैल झाला असावा. ती भावाशी बोलत होती.

“नाही रे गोविंदा, फळीवर नको ठेवू. हरीमामा इथंच हायेत, त्यायनं सगळं पाह्यलं. आता येईन ते बरोबरच येईन. पाकीट आलं का त्याच दिवशी टाक, घरात ठेवू नको.”

हरिओमने तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं, त्याचे हिरवे झालेले हात पाहिले, आणि हसून म्हणाली, जाताना कच्चा टोमॅटो चोळून दे हाताले, नाही तर हापिसात लोक काय म्हनतील. मग तिने पुढची सरी दाखवली. तिकडे अजून कुणी हात लावला नव्हता, आणि मादी फुलांनी पिवळी झाली होती. हरिओम त्या सरीवर जाऊन वाकला.